दगडाबाईंच्या मागच्या दारची रांग

दगडाबाईंच्या घरी आतापर्यंत सात पीएचड्या झाल्या. मी आठवी. त्या सातांतला एक नायब तहसीलदार झाला, एकीनं पुण्यात ट्रॅव्हल कंपनी काढली, बाकीचे कुठल्या ना कुठल्या कॉलेजात चिकटले. दगडाबाई होत्या तिथंच आहेत. दारात फाईलवाला माणूस दिसला की चहाचं आधण ठेवतात आणि विचारतात, "पर्यटनच ना? बस मग."

गावाचं नाव मी लिहिणार नाही. इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी, नरसिंहपूरच्या अलीकडं, एवढं पुरे. माझा प्रबंध अजून सहीवाचून पडलाय, त्यात आणखी चार जणांचे फोन नकोत. गावाला घाट आहे, घाटावर देवी आहे, आणि ती बऱ्याच घराण्यांची कुलदेवी आहे. मोरगाव करून, नरसिंहपूर करून लोक इकडं वळतात. लग्न झालं की जोडी घेऊन येतात, पोर झालं की जावळ काढायला येतात. मंगळवारी-शुक्रवारी घाटावर पाय ठेवायला जागा नसते.

दगडाबाईंचं वय एकसष्ट, शिक्षण चौथी. मुलगी रेश्मा दौंडला दिलेली. नवरा श्रीपतराव. दोन एकर ऊस, कारखान्याचे सभासद. वर्षातून एकदा सभेला जाऊन जिलेबी खाऊन येतात आणि आपण सभेत काय काय सुनावलं ते पुढच्या सभेपर्यंत पारावर सांगतात. सुनावलेलं काही नसतं, हे पाराला ठाऊक आहे. संसार ओढला तो दगडाबाईंनी. पुढच्या पडवीत त्यांचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. नारळ, खण, बांगड्या, हळदकुंकू. आगाऊ सांगितलं तर पिठलं-भाकरी. जीभ तिखट. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतात, "देवीला नेतोस का सासूला?"

घराच्या मागं गोठ्याशेजारी त्यांचा संडास. बारा वर्षांपूर्वी सरकारी योजनेत बांधलेला. बांधला त्याच आठवड्यात सोलापूरकडची एक नवी नवरी शालू आवळून, रडवेली होऊन पडवीत आली. दगडाबाईंनी काही न विचारता तिला मागं नेलं. झालं. तेव्हापासून घाटावर येणाऱ्या प्रत्येक बाईला कुणी न सांगता कळतं: हिरव्या दाराचं घर, मागून जा. गावात बायकांसाठी दुसरी सोय नाही. पुरुषांना नदीकाठ आहे, बाभळी आहेत, आणि लाज तर नाहीच.

याचे पैसे त्या घेत नाहीत. तिसऱ्या पीएचडीवालीनं सुचवलं होतं, "मावशी, पाच-पाच रुपये लावा, छान मॉडेल होईल." दगडाबाई म्हणाल्या, "माहेराला तिकीट लावू व्हय गं?" गावाची रीतच तशी आहे. देवीला आई म्हणायचं, मग देवीचं गाव हे माहेर. आलेली बाई सत्तरीची असो नाहीतर कालची नवरी, ती माहेरवाशीण. तिची ओटी भरायची, तिला नाही म्हणायचं नाही. त्यामुळं किल्ली कायम दगडाबाईंच्या कमरेला. भक्तनिवासात खोल्या आहेत, संडास नाही; तिथं मुक्कामाला असलेल्या बाया पहाटे पाचलाच दार वाजवतात. वीज पाळीपाळीनं येते, टाकी दहा वाजताच तळ गाठते, मग हापशावरून बादल्या. घाण काढायचं कामही त्यांचंच. ती करायला कुणी माहेरवाशीण थांबत नाही.

आता माझं सांगते. मी मेघना. बारामतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडी झाली तर कायम होईन अशी आशा आहे. विषय गाईडनी दिला: 'धार्मिक स्थळांवरील पर्यटकांचे समाधान'. माझे वडील बुद्धघोष, निवृत्त पोस्टमास्तर. म्हणाले, "आपल्या घरात देवी नाही, देव्हारा नाही, आणि तुला बरा हाच विषय घावला." मी म्हटलं, पप्पा, मी देवीवर नाही, माणसांवर काम करतेय. चार महिने मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी देवळाच्या पायरीवर बसले. बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म, पुढं पाच चौकटी, 'अत्यंत समाधानी'पासून 'अत्यंत असमाधानी'पर्यंत. चारशे फॉर्म भरून घेतले. पाठीचा कणा वाकला, पण आकडा गाठला.

मग कॉम्प्युटरवर बेरीज मारली. प्रश्न सतरावा, स्वच्छतागृहाची सोय. चारशेपैकी तीनशे एक्क्याण्णव जण अत्यंत समाधानी. उरलेले नऊ नुसते समाधानी. जो सार्वजनिक संडास गावात नाहीच, त्याच्यावर एवढी माणसं खूश. मला आधी वाटलं मीच रकाने उलटे भरले. दोनदा तपासलं. रकाने बरोबर होते.

माझे गाईड विजयसिंह सर मात्र हरखले. "डेटा बोलतो, मॅडम. आपण मधे बोलायचं नसतं." सरांना घाई होती. तालुक्याचा एक पर्यटन आराखडा होत होता, त्याला आमच्या विभागाचा अहवाल जोडायचा होता. गावागणिक एकच काम मंजूर होणार, आणि पुढची पाच वर्षं त्या गावाचं नाव पुन्हा निघणार नाही. सर म्हणाले, "मूलभूत सोयींवर लोक समाधानी आहेत म्हटल्यावर आता आकर्षण हवं." आकर्षण म्हणजे घाटावर सेल्फी पॉइंट. लाल बदाम आणि पुढं गावाचं नाव इंग्रजीत. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेनं होकाराचा ठराव दिला की काम सुरू.

म्हणजे माझ्या चारशे फॉर्मांनी दगडाबाईंच्या कमरेची किल्ली आणखी पाच वर्षांसाठी पक्की केली होती. मी तणतणत गावात गेले. जाताना त्यांचा स्वतःचा फॉर्म घेऊन गेले, 'स्थानिक नागरिक' गटातला. तोही अत्यंत समाधानी. त्या बादली विसळत होत्या.

"मावशी, हे काय लिहिलंय तुम्ही? गावात सगळी सोय उत्तम?"

"मग काय लिवू? तू पावनी. पावनीला कुणी घरातलं रडगाणं ऐकीवतं व्हय?"

"मी पाहुणी नाही, संशोधक आहे."

"संशोधक म्हंजी फाईल घिऊन आलेला पावनाच की."

मी कपाळावर हात मारला. "बरं, तुमचं राहू दे. पण ही चारशे माणसं खोटं का बोलली?"

"तू त्यास्नी इचारलंस कुठं?"

"देवळाच्या पायरीवर."

"हातात काय हुतं त्यांच्या?"

"प्रसाद."

"आन् त्वांड कुणीकडं?"

"गाभाऱ्याकडं."

दगडाबाईंनी बादली खाली ठेवली. "फुडं आई बसलीया, तोंडात तिचा परसाद, आन् तू इचारतीस माहेर कसं हाय. कंची बाई वंगाळ बोलंल? माहेरात भावानं जेव म्हणलं न्हाय तरी बाई सासरी जाऊन पुरणपोळी खाल्ली म्हून सांगती. तुला शिकीवलं कुणी गं हे? एवढं पुस्तक वाचून तुला एवढं बी कळंना?"

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. माझी आईसुद्धा मामाकडून आली की हेच करते. मी तिला पंचवीस वर्षं बघतेय, आणि पायरीवर बसून मी तेच विसरले.

"मग खरं कुठं कळेल?"

"चल."

त्यांनी मला मागच्या दारी नेलं. शुक्रवार होता. गोठ्याच्या भिंतीला लागून एकवीस बायका उभ्या होत्या. दगडाबाईंनी माझ्या हातातून फाईल काढून कडब्यावर ठेवली आणि बादली दिली. आमच्या पुस्तकात याला सहभागी निरीक्षण म्हणतात. पुस्तकात हापसा नसतो.

हडपसरची एक बाई म्हणाली, "पहाटेपासून चहा घेतला नाही. दिरांची गाडी आहे, त्यांना कसं सांगायचं थांबवा म्हणून?" एकजण सात महिन्यांची गरोदर, घामानं भिजलेली. तिला सगळ्यांनी पुढं घेतलं. एक म्हणाली, ओटी भरायला उभंच राहवेना, देवीला लांबून हात जोडले आणि इकडं पळाले. तिच्या मागची सून मला हळूच म्हणाली, "सासूबाईंना साखरेचा त्रास आहे. पुढच्या वेळी यांना आणायचं नाही असं ठरवलंय." सासूबाई तिथंच शेजारी होत्या. त्यांनी ऐकलं, आणि पदरानं तोंड पुसून रांगेत एक पाऊल पुढं सरकल्या.

मी आतून बाहेर आलेल्या एकीला विचारायला गेले, तर दगडाबाईंनी मला मागं ओढलं. "आत जायच्या आदी इचार. भाईर आल्यावर बाई पुन्यांदा समाधानी व्हती."

दोन बादल्यांच्या मधे मी एकेकीचा फॉर्म भरत गेले. दोन वाजेपर्यंत त्रेसष्ट बायका झाल्या. माझ्या पाच चौकटींतली एकच भरली, शेवटची. हात सोलून निघाले होते. आम्ही पडवीत भाकरी खायला बसलो, आणि मी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?"

"फार्मात हाय का ह्यो सवाल?"

"नाही."

"त्या सात जणांच्या बी नव्हता." त्यांनी ठेच्याचं बोट चाटलं. "मला म्हाबळेसरला जायाचंय. तितं बसायचं, दुसऱ्यानं केलेला च्या प्यायचा, आन् नावं ठिवायची. पाणचट हाय. आलं घातलं न्हाय. कप धुतला न्हाय. समदं तोंडावर सांगायचं." आम्ही दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, "बारा वरसं झाली, म्या एक रात भाईर ऱ्हायले न्हाय. रेश्माच्या घरभरणीला दौंडला गेले, तर पोळीचा घास हातात हुता तवाच गाडी गाठाय निघाले. दुसऱ्या दिशी शुक्रवार हुता. लई दमले गं मेघना. कुणाला सांगू? सांगितलं तर माहेरच दमलं म्हणत्याल."

मला स्वतःची लाज वाटली. चार महिने मीही दर मंगळवारी-शुक्रवारी त्याच हिरव्या दारातून मागं जात होते. हात धुवायचे, चहा घ्यायचा, पायरीवर जाऊन बसायचं आणि लोकांना सतरावा प्रश्न विचारायचा.

त्रेसष्ट फॉर्म घेऊन मी सरांकडं गेले. सरांनी दोन चाळले. "मॅडम, आपलं अभ्यासक्षेत्र घाट आहे. संडासाची रांग हे अभ्यासक्षेत्र नाही. ती पूर्वपरवानगी घेतलेली जागा नाही."

"सर, पण खरं तिथंच कळतंय."

"मग शेवटच्या प्रकरणात टाका. 'पुढील संशोधनाची दिशा'. तिथं काहीही चालतं. ते कोणी वाचत नाही."

मी लायब्ररीत गेले आणि दगडाबाईंच्या घरी झालेले सातही प्रबंध काढले. सोनेरी अक्षरं, जाड पुठ्ठे, एकाचंही पान कुणी उलटलेलं दिसत नव्हतं. मी सरळ शेवटचं पान उघडलं. पहिल्यात होतं, महिला भाविकांच्या स्वच्छतागृहाबाबत अधिक संशोधनाची गरज आहे. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात वाक्य थोडं लांब. सातव्यापर्यंत मला पाठ झालं. सातही जण आत जाऊन आले होते, सातही जणांना कळलं होतं, आणि सातांनीही ते पुढच्याच्या गळ्यात घातलं होतं. लायब्रेरियनबाई म्हणाल्या, हळू बोला. मी बोलत नव्हते, शिव्या देत होते.

पुढच्या मंगळवारी मी ती सात वाक्यं दगडाबाईंना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली.

"गरज हाय म्हंजी काय?"

"म्हणजे पुढच्यानं बघावं."

"आन् फुडचा?"

"तो त्याच्या पुढच्यावर ढकलतो."

"तुज्या फुडं कोण हाय?"

मी वही मिटली. दगडाबाईंनी सुपातले शेंगदाणे पाखडले, टरफलं फुंकली आणि म्हणाल्या, "चतुराबाईला फोन लाव." चतुराबाई त्यांची इंदापूरची धाकटी बहीण.

यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली. त्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता दगडाबाई हातात पिशवी, अंगात स्वेटर, मागं चतुराबाई, अशा पारावर उभ्या राहिल्या. पारावर पेपर वाचत असलेल्या श्रीपतरावांच्या हातात त्यांनी किल्ली ठेवली. हे मला नंतर गावानं सांगितलं, आणि प्रत्येकानं वेगळ्या चवीनं सांगितलं.

"हे काय?" श्रीपतराव म्हणाले.

"मागच्या दारची किल्ली. मी म्हाबळेसरला चाल्ले. मंगळवारी येते."

"आगं, उद्या शुक्रवार!"

"ठावं हाय."

"मग बायास्नी कोण बघायचं?"

"तुमी म्हणता न्हवं, गाव माहेर हाय म्हून? माहेरात काय एकली आईच असती व्हय? बाप बी आसतो, भाऊ बी आसत्यात." त्यांनी पारावरच्या सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि दोघी बहिणी बारामतीच्या गाडीत बसून गेल्या.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. श्रीपतराव होते. "मेघनाबाई, हितं चौदा बाया हायत्या. काय करू?"

"दार उघडा, आबा."

"आन् मग?"

"मग पाणी भरा."

श्रीपतराव बारा वर्षांत त्या संडासात एकदाही गेले नव्हते. त्यांचं ठिकाण उसाचा बांध. मी एसटीनं पोचेपर्यंत दहा वाजले. टाकी संपली होती. श्रीपतराव भिंतीकडं तोंड करून, पाठीमागं हात लांबवून किल्ली धरून उभे होते, म्हणजे बायकांकडं बघायला नको. रांग चाळिसाची. हापशावर सरपंच शंभूराज. सेल्फी पॉइंटचं चित्र मोबाईलमध्ये घेऊन फिरणारा, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला हा माणूस गुडघ्यापर्यंत भिजला होता. त्याला श्रीपतरावांनी बोलावलं होतं आणि येणं भाग होतं, कारण रांगेत त्याच्या बायकोची मावशी होती. पारावरचे आणखी चौघे बादल्या वाहत होते. 

त्या मावशीनं शंभूराजच्या हातातली बादली धरली. "जावायबापू, बारामती सोडल्यापास्नं पाण्याचा घोट घेतला न्हाय. दर साली येते तवा हेच. आज तुमी हाय म्हून बोलते, न्हायतर कुणाला सांगायचं?" शंभूराजचा चेहरा उतरला. त्यानं बादली आत ठेवली, बाहेर आला आणि पुन्हा हापशाकडं गेला.

दुपारी रांग सरली तेव्हा श्रीपतराव ओट्यावर बसले होते.  आतली साफसफाईही त्यांनाच करावी लागली होती, दोनदा. मी फाईल उघडली.

"आबा, प्रश्न सतरावा. गावातल्या स्वच्छतागृहाच्या सोयीबाबत आपण किती समाधानी आहात?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ही बाई बारा वरसं हे करीत हुती?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"आन् म्या पारावर बसून बोलत हुतो." त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शेवटच्या चौकटीत अशी फुली मारली की कागद फाटला.

सोमवारी झेंडावंदन झालं, पोरांना चॉकलेटं वाटली आणि ग्रामसभा बसली. विषय क्रमांक तीन, सेल्फी पॉइंट. श्रीपतराव उठले. हे खरंच बोलतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते म्हणाले, "आदी बायांचा संडास. घाटाला. पाण्यासकट, आन् झाडायला पगारी माणूस. मग तुमचा बदाम लावा न्हायतर बटाटा लावा." बायका हसल्या. मग बायकांनीच आधी हात वर केले. शंभूराजनं सूचक म्हणून आपलं नाव घालायला लावलं. राजकारणी माणूस, चालायचंच. मी माझे त्रेसष्ट फॉर्म ठरावाला जोडले, आणि चौसष्टावा, फाटका.

विजयसिंह सर अजून रागावलेले आहेत. रांगेचं मी चौथं प्रकरण केलंय, आणि ते शेवटी ढकलल्याशिवाय सही करणार नाही म्हणतात. मीही ढकलणार नाही. बघू कोण आधी दमतं.

त्या दिवशी ठराव झाल्याझाल्या मी महाबळेश्वरला फोन लावला. दगडाबाईंना सगळं सांगितलं, आबा उठून बोलले तेही सांगितलं. 

"ठराव झाला म्हंजी बांधला का?"

"नाही मावशी. मंजुरी येणार, मग टेंडर, मग बांधकाम. पावसाळा जाईल."

"मग बांधूस्तवर किल्ली मालकांकडंच ऱ्हाऊ दे."

"आणि चहा कसा आहे तिकडचा? नावं ठेवली का?"

"ठिवली की. पाणचटच हाय." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "मेघना, आज म्या सकाळी आठपतुर निजले. कुणी दार वाजिवलं न्हाय."